डिजिटल गेमची प्री-ऑर्डर: पैसे नेमके कधी अडकतात?

फ्रेमगणक

कुठलाही मोठा गेम यायचा झाला की इथे तीच जुंपते. एक गट म्हणतो प्री-ऑर्डर (गेम यायच्या आधीच मागणी नोंदवणं) करणारे बावळट, दुसरा म्हणतो आमचे पैसे, आमची मर्जी. कुठल्या दुकानाचा नियम काय हे मात्र कुणी लिहीत नाही, म्हणून हा धागा.

डिजिटल प्रत संपत नाही. डबा राखून ठेवण्यासाठी आगाऊ पैसे भरायची गरज तिथेच गेली. आता प्री-ऑर्डरमधून मिळतं ते एवढंच: प्रीलोड (रिलीजआधीच गेम उतरवून ठेवणं), एखादा बोनस आणि कधीमधी सवलत. त्यासाठी धोका किती पत्करायचा हे रद्द करण्याच्या मुदतीवर ठरतं. फुकट रद्द करता येतंय तोवर ती नुसती नोंदणी. मुदत सरली की खरेदी झाली, मग तुम्ही गेम उघडलेला असो वा नसो.

स्टीम (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान): पैसे लगेच कापले जातात, पण रिलीजआधी कधीही परत मागता येतात. रिलीजनंतर नेहमीची १४ दिवस / २ तासांची अट (१४ दिवसांच्या आत मागितला आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर रिफंड) लागू होते आणि ते १४ दिवस रिलीजच्या तारखेपासून मोजतात. सहा महिने आधी पैसे भरले म्हणून काही बिघडत नाही. एपिक या दुसऱ्या पीसी दुकानाचं जवळपास असंच आहे.

गॉग (हेही पीसी गेमचं दुकान): सगळ्यांत सैल. गेम उतरवला, चालवला, खेळला तरी ३० दिवसांत रिफंड मागता येतो. २०२० पासून हा नियम आहे.

प्लेस्टेशन: रिलीजला १४ दिवसांपेक्षा जास्त अवधी असताना ऑर्डर केलीत तर रिलीजच्या तारखेपर्यंत रद्द करता येते. १४ दिवसांच्या आत केलीत तर पैसे भरल्यापासून १४ दिवस मिळतात, पण डाउनलोड किंवा स्ट्रीमिंग सुरू केलेलं नसेल तरच.

निन्टेंडो ईशॉप: पैसे रिलीजच्या ७ दिवस आधीपासून कापले जातात. कापले जाईपर्यंत रद्द करता येतं, त्यानंतर विषय संपला.

एक्सबॉक्स: इथेही पैसे उशिरा, रिलीजच्या साधारण १० दिवस आधीपासून कापतात. दरम्यान कार्डाची मुदत संपली असेल तर पैसे कापले जात नाहीत आणि ऑर्डर रद्द होऊ शकते. प्रीलोडच्या दिवशी गेम यादीत दिसला नाही की आधी कार्ड बघा.

आता बोला.

रिकामटेकडा रेंजर

माहिती चांगली आहे, पण निष्कर्ष तोच: करूच नका. सायबरपंक २०७७ च्या ८० लाखांहून जास्त प्रती प्री-ऑर्डरमध्ये गेल्या होत्या. १० डिसेंबर २०२० ला गेम आला, जुन्या कन्सोलवर त्याची काय अवस्था होती ते सगळ्यांनी पाहिलं आणि १८ डिसेंबरला सोनीने तो स्टोअरवरून काढून टाकला. परत आला २१ जून २०२१ ला. तेवढ्या ऑर्डर आधीच हातात असल्यावर गेम आणखी पुढे ढकलायची घाई कोणाला असणार?

आणि गेम बनवणाऱ्या कंपनीने नंतर स्वतःच सांगितलं की निर्मिती आणि त्या वर्षाच्या जाहिरातीचा सगळा खर्च प्री-ऑर्डरमधूनच निघाला. गेम चांगला असो की वाईट, पहिल्या दिवसाआधीच वसुली!

फ्रेमगणक

रेंजर, हेच उदाहरण उलटीकडूनही वाचा. रिव्ह्यूवरचा एम्बार्गो (ठरल्या वेळेआधी रिव्ह्यू छापायची बंदी) ७ डिसेंबरला उठला, गेम १० ला आला. मधले तीन दिवस मोकळे होते. त्या तीन दिवसांत जे रिव्ह्यू आले ते सगळे पीसीवरचे, कारण कन्सोलची प्रत कुणाला दिलीच नव्हती. शिवाय रिव्ह्यू करणाऱ्यांना स्वतः घेतलेली दृश्यं दाखवायला बंदी होती, कंपनीने दिलेलीच वापरायची. म्हणजे ज्याने पीएस४ साठी ऑर्डर केली होती त्याच्यासमोर आपल्या मशीनवरचा एकही रिव्ह्यू नव्हता. यापेक्षा ढळढळीत इशारा कुठला हवा?

म्हणून प्री-ऑर्डर केली की एम्बार्गोची तारीख लिहून ठेवा. रिलीजच्या तीन-चार दिवस आधी असेल तर ठीक. रिलीजच्याच तासाला असेल तर रद्द करून बसा, वाईट असेल असं नाही, पण बघायला वेळच दिलेला नाही. आणि रिव्ह्यू कुठल्या मशीनवर केला आहे ते पहिल्या परिच्छेदात शोधा. निकाल नंतर वाचा.

कन्सोलकाकू

प्लेस्टेशनवाल्यांनी स्टीमच्या गप्पा ऐकून फसू नये. आपल्याकडे "दोन तास खेळून बघू, नाही आवडला तर परत" हा प्रकारच नाही. गेम डाउनलोड व्हायला लागला की रिफंडचा हक्क गेला. अपवाद एकच, गेम खरोखर सदोष असेल तर. सदोष आहे की नाही हे ठरवणारही सोनीच.

इथे घोळ होतो तो ऑटो-डाउनलोडमुळे. प्री-ऑर्डर करताना हा पर्याय सुरू असतो आणि कन्सोल रेस्ट मोडमध्ये असताना प्रीलोड आपोआप खाली उतरतो. तुम्ही झोपलेले असता आणि मशीनने तुमच्या वतीने "डाउनलोड सुरू केलं" अशी नोंद करून टाकलेली असते. १४ दिवसांच्या आत ऑर्डर केलेल्यांची मुदत तिथेच कटते.

उपाय साधा आहे. ऑर्डर करतानाच ऑटो-डाउनलोड बंद करा. राहून गेलं असेल तर स्टोअरमध्ये त्या गेमच्या पानावर जाऊन बंद करा. रिव्ह्यू वाचून पक्कं ठरलं की स्वतः हाताने डाउनलोड लावा. ऑर्डर करायचीच असेल तर १४ दिवसांहून आधी करा, नाहीतर रिव्ह्यू आल्यावर करा. मधला काळ सगळ्यांत वाईट. आणि रिलीजच्या दिवशी सकाळी रद्द करू म्हणून थांबू नका, आदल्या दिवशीच उरका, कारण कन्सोलवर गेम बहुधा स्थानिक मध्यरात्रीच उघडतो.

बिटबाकी

काकूंना +१.

स्टीमच्या दोन तासांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तेही वाटतात तेवढे दोन तास नसतात.

स्टीम मोजतो तो गेमची प्रोसेस चालू असल्याचा वेळ. मेन्यू, पॉज, कंपनीचा वेगळा लाँचर, सगळं त्यात धरलं जातं. पहिल्यांदा गेम उघडल्यावर शेडर (ग्राफिक्ससाठी लागणारे छोटे प्रोग्राम) तयार व्हायला लागतात तो वेळही. २८ मार्च २०२३ ला 'द लास्ट ऑफ अस पार्ट १' पीसीवर आला तेव्हा हेच झालं. मधल्या दर्जाच्या प्रोसेसरवर शेडर तयार व्हायलाच तासभर किंवा जास्त लागत होता आणि तो सगळा खेळण्याच्या वेळात जमा. ते मधेच सोडून खेळायला लागलं तर गेम अडखळायचा, मग वाटायचं आपलंच ग्राफिक्स कार्ड गेलं.

त्यामुळे पहिला तास तपासणीसाठी ठेवा. शेडर संपेपर्यंत सेटिंग्ज उरकून घ्या. मग प्रस्तावनेतल्या अरुंद बोगद्यात फिरत बसू नका, तिथे प्रत्येक गेम झकास चालतो. पहिला मोकळा भाग किंवा पहिलं गर्दीचं गाव गाठा आणि फ्रेम टाइमचा (प्रत्येक चित्राला लागणाऱ्या वेळाचा) आलेख लावा. सरासरी ६० एफपीएस (सेकंदाला ६० चित्रं) दिसूनही दर काही सेकंदांनी टोकदार उंचवटे येत असतील तर ते अडखळणं सेटिंग्ज खाली आणून जात नाही, पॅचचीच (कंपनीच्या दुरुस्तीची) वाट बघावी लागते. सेव्ह करून गेम बंद करा, परत उघडा, सेव्ह नीट लोड होतो का बघा. कंट्रोलर तपासा. चहा करायला उठलात तर गेम बंद करून उठा. पॉजवर ठेवलेला वेळही गेलाच.

साधारण दीड तासाला ठरवून टाका. २ तास ५ मिनिटांना मागितलेला रिफंड कधी मिळतो, कधी नाही; त्यावर विसंबू नका.

अनुस्वार

डिलक्स म्हणजे महागड्या आवृत्तीत "तीन दिवस आधी खेळा" असतं त्याचं काय? ते दिवस मोजतात का? पूर्वी मोजत नव्हते असं वाचलं होतं.

बिटबाकी

पूर्वी फट होती. आधी मिळालेले दिवस कितीही खेळा, रिलीजनंतर रिफंड मागा, मिळायचा. एप्रिल २०२४ मध्ये स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हने ती बुजवली. आता रिलीजआधी खेळलेला वेळही दोन तासांत धरतात, फक्त १४ दिवसांची मुदत रिलीजपासून सुरू होते. खरोखरची बीटा चाचणी तेवढी वगळलेली आहे. म्हणजे ज्याने आधी खेळण्यासाठी जास्त पैसे मोजले, त्याचा परतीचा रस्ता सगळ्यांआधी बंद होतो, तोही बहुतेक खेळाडूंची मतं यायच्या आधी.

जॉयस्टिकराव

आणि ते आधीचे दिवस म्हणजे पहिल्या दिवसाचा सर्व्हर-गोंधळ जास्त पैसे देऊन विकत घेणं! 'सुइसाइड स्क्वॉड: किल द जस्टिस लीग' जानेवारी २०२४ मध्ये डिलक्सवाल्यांना ७२ तास आधी उघडला. काहींना आत शिरल्या शिरल्या गेम पूर्ण झालेला दिसायला लागला, मग दुरुस्तीसाठी सर्व्हर कित्येक तास बंद. भरपाई काय, तर गेममधलं चलन.

पण माझ्या मते खरा सापळा सीझन पास (गेमच्या पुढे येणाऱ्या भागांचे पैसे आधीच भरणं) आहे. मूळ गेम निदान काही दिवसांत हातात येतो. सीझन पासमध्ये जे विकत घेतो ते बनलेलंच नसतं. 'रेडफॉल'च्या महागड्या आवृत्तीत पुढच्या दोन नायकांचं आश्वासन होतं. मे २०२४ मध्ये स्टुडिओच बंद झाला, नायक आलेच नाहीत, त्या जादा पैशांचा परतावा जाहीर करावा लागला. 'सिटीज: स्कायलाइन्स २' ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. परफॉर्मन्स अपेक्षेएवढा नाही हे बनवणाऱ्यांनी रिलीजआधीच मान्य केलं होतं, हे त्यांच्या बाजूने म्हणायला हवं. पण मार्च २०२४ मध्ये त्याचं पहिलं विकतचं डीएलसी (गेमचा जादा भाग) आलं ते इतकं तोकडं निघालं की पैसे परत करून फुकट वाटलं.

यात गोम अशी की डिलक्समधला जादा माल बहुतेक वेळा नंतर "अपग्रेड" म्हणून वेगळा मिळतो. साधी आवृत्ती घ्या, गेम आवडला तर फरकाचे पैसे भरा. फारतर गेममधल्या पात्राची एखादी टोपी हुकेल.

फ्रेमगणक

टोपीसाठी डिलक्स घेणारेही आहेत इथे, नावं घेत नाही.

सीझन पासबद्दल एक भर: २०२४ च्या शेवटी स्टीमने नियम कडक केले. पासमध्ये काय काय येणार आणि साधारण केव्हा, हे कंपनीला जाहीर करावं लागतं, आणि त्यातलं काही रद्द केलं तर त्याचे पैसे परत द्यावे लागतात. त्यामुळे पासच्या पानावर आता तारखांचा तक्ता दिसायला हवा. तो नुसत्या "लवकरच"वर भागवलेला असेल तर पुढे जा.

अनुस्वार

बरं, प्रीलोडचा तरी खरा फायदा आहे की तीही जाहिरातच?

बिटबाकी

गणित करा. १०० जीबीचा गेम म्हणजे ८०० गिगाबिट. ५० एमबीपीएसच्या जोडणीवर सतत पूर्ण वेग मिळाला तरी जवळपास साडेचार तास. २० वर अकरा तास. २०० वर तास-सव्वातास. म्हणजे हळू जोडणीवाल्याला प्रीलोड मोलाचा, वेगवान जोडणीवाल्याला जेमतेम एका जेवणाएवढा.

पण पीसीवर त्याला शेपूट आहे. स्टीमचा प्रीलोड कुलूपबंद स्वरूपात उतरतो. रिलीजच्या क्षणी तो उलगडावा लागतो आणि ते काम तुमची डिस्क करते, नेट नाही. एनव्हीएमईवर (वेगवान एसएसडीवर) काही मिनिटं, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर तासाच्या वर. कधीकधी तर उलगडण्यापेक्षा नव्याने डाउनलोड लवकर झालं असतं अशी गत होते. उलगडताना गेमएवढीच आणखी जागा मोकळी लागू शकते. १०० जीबीच्या गेमला ११० जीबी मोकळी ठेवली तर "डिस्कवर जागा नाही" म्हणून मधेच अडकतं. दुप्पट धरून चला, आणि गेम हार्ड डिस्कवर नकोच.

कन्सोलवर हा प्रकार एवढा जाणवत नाही. गेम पासमध्ये (एक्सबॉक्सच्या सदस्यत्वात) पहिल्या दिवशी येणारे गेम तर वेगळी खरेदी न करताही आधी उतरवून ठेवता येतात. सदस्यत्व असेल तर प्री-ऑर्डरआधी ती यादी बघा, फुकट मिळणारा गेम विकत घेऊन बसाल.

रिकामटेकडा रेंजर

हे सगळं मान्य. तरी "रद्द करता येतं ना, मग करून ठेवा" हे मला पटत नाही. किती जण खरंच रद्द करतात? ऑर्डर केली की मन आपल्याच निर्णयाची वकिली करायला लागतं. वाईट रिव्ह्यू आला तर "तो माणूस नेहमीच असं लिहितो". दुकानांना हे नीट कळतं, म्हणूनच रद्द करणं इतकं सोपं ठेवलंय.

कन्सोलकाकू

हा मुद्दा मात्र नियमांपेक्षा भारी आहे. ज्याला मोह आवरत नाही त्याने विशलिस्ट वापरावी. रिलीजच्या दिवशी ईमेल येतो, पैसे जात नाहीत. लहान स्टुडिओला मदत म्हणून प्री-ऑर्डर करणाऱ्यांनाही हेच सांगणं: स्टीमवर आगामी गेमच्या यादीत वर यायला विशलिस्टच कामी येते. 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' ४ सप्टेंबर २०२५ ला प्री-ऑर्डरशिवाय आला आणि त्या गर्दीने दुकानंच काही काळ कोलमडली.

जॉयस्टिकराव

म्हणजे तिथे प्री-ऑर्डर असती तर उपयोग झाला असता की, काकू!

कन्सोलकाकू

थोडा वेळ थांबला असतात, जॉयस्टिकराव. एवढी काय घाई.

फ्रेमगणक

मग प्री-ऑर्डर कधी ठीक, यावर माझं मत. एक, खेळून बघायला काहीतरी दिलेलं असेल तर. 'मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स' २८ फेब्रुवारी २०२५ ला आला, पण त्याचं फुकट बेंचमार्क (आपल्या पीसीवर गेम कसा चालेल ते मोजणारा प्रोग्राम) त्याच महिन्याच्या सुरुवातीला मिळत होतं. ज्याने ते चालवून आकडे बघितले त्याला पीसीवर काय वाढून ठेवलंय ते कळलं होतं. ट्रेलरची दहा पारायणं करून ते कळत नाही. दोन, पहिल्या दिवसापासून ठरलेल्या गटाने ऑनलाइन खेळायचं असेल तर. उशिरा येणाऱ्याला खरंच तोटा होतो. तीन, तो गेम पुढे स्वस्त होण्याची शक्यताच कमी असेल तर. निन्टेंडोचे स्वतःचे गेम वर्षानुवर्षं किमतीवर ठाम असतात, थांबून फारसं पदरात पडत नाही. बाकी बहुतेक मोठे गेम काही महिन्यांत सवलतीत येतात, तोवर पॅचही लागलेले असतात.

एक गोष्ट मात्र रिव्ह्यूही पकडू शकत नाहीत. 'ड्रॅगन्स डॉग्मा २' मार्च २०२४ मध्ये आला तेव्हा गेममध्ये वापरायच्या छोट्या-मोठ्या वस्तूंची वेगळी विक्री रिलीजच्याच दिवशी दुकानात दिसायला लागली. रिव्ह्यूवाल्यांच्या प्रतीत तिचा अनुभव नव्हताच.

अनुस्वार

बाहेरच्या दुकानांतून 'की' (स्टीममध्ये टाकायचा गेमचा कोड) घेतली तर प्री-ऑर्डरलाच १०-१५ टक्के सवलत दिसते. ते बरं नाही का?

बिटबाकी

दुकान अधिकृत असेल तर सवलत खरी असते. पण ती परतीच्या हक्काची किंमत आहे. बाहेरून घेतलेल्या कीचा रिफंड स्टीम देत नाही, आणि की एकदा उघडून पाहिली की ते दुकानही सहसा देत नाही. म्हणजे दोन तासांची तपासणी गेली. तेव्हा ऑर्डर करा, पण रिव्ह्यू येईपर्यंत की उघडू नका. दुसरं, की कधी मिळणार ते आधी वाचा. काही वेळा ती रिलीजच्या दिवशीच येते, मग प्रीलोड विसरा. तिसरं, कीवर प्रदेशाची मर्यादा आहे का पाहा. तुमच्या प्रदेशात चालणारी नसेल तर ती नुसती अक्षरं.

कुणीही की विकू शकतो त्या बाजारांच्या नादी तर लागूच नका. चोरीच्या कार्डाने घेतलेल्या की नंतर रद्द होतात आणि गेम लायब्ररीतून गायब होतो.

अनुस्वार

शेवटचं विचारतो. स्टीमवर रद्द करायचं बटण नक्की कुठे असतं? आणि प्री-ऑर्डरनंतर किंमत उतरली तर?

बिटबाकी

हेल्प मेनू, त्यात स्टीम सपोर्ट. खरेदीच्या यादीतून तो गेम निवडा, मग "रिफंड हवा आहे", पुढच्या पानावर रिफंडची विनंती. तिथे पैसे स्टीम वॉलेटमध्ये की मूळ कार्डावर असं विचारतात. वॉलेट लवकर होतं, कार्डाला मंजुरीनंतर आठवडाभर धरा. खरेदी परक्या चलनात झाली असेल तर बँकेने लावलेला रूपांतराचा आकार परत येत नाही, तेवढा फटका बसतो. पुन्हा तिथेच खरेदी करायची असेल तर वॉलेट निवडा. बंडल म्हणून घेतलं असेल तर सहसा अख्खं बंडल परत जातं, त्यातला एखादा गेम काढून देता येत नाही.

किंमत उतरली तर रद्द करून लगेच नव्या किमतीला घ्या. स्वस्तात परत घेण्यासाठी रिफंड मागणं हा गैरवापर धरत नाही, असं व्हॉल्व्हच्या नियमांतच लिहिलंय. बोनस रिलीजपर्यंत चालू असतो, त्यामुळे तोही हुकत नाही. फक्त आधी रद्द करा आणि नंतर घ्या. लायब्ररीत असलेला गेम स्टीम तुम्हाला दुसऱ्यांदा विकत नाही.

अनुस्वार

मिळालं बटण. धन्यवाद, वॉलेट निवडलं.